हलियाळचं शेत

हे आजवर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, धाकट्या भावाला नाही, ज्याच्याबरोबर इथं हुबळीत लॅमिंग्टन रोडवर रोज संध्याकाळी चहा घेतो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर — खरं सांगू? — तुम्हालाही सांगितलं नसतं.

तसं बघायला गेलं तर गोष्ट सशांची आहे. हसू नका. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत आलो, की अरे, सशांचीच तर गोष्ट आहे. पण ती सशांची नाही. ती गंगक्काची आहे.

कमरीपेठेत आमचं जाळीचं दुकान. आजोबा निपाणीकडून आले आणि इथलेच झाले. तारेची जाळी, पत्र्याचे डबे, उंदरांचे सापळे असला आमचा माल. धारवाडच्या बाहेर एक संशोधन संस्था होती. नाव सांगत नाही, यात तिचा काही दोष नाही. शेतावर फवारलेलं औषध पुढं तळ्यात, मातीत, रानउंदरांत, पाखरांत कुठवर जातं, याचा तिथं अभ्यास चालायचा. उंदराला इजा न करता धरणारे सापळे ते आमच्याकडून न्यायचे. मग सशांचे पिंजरे नेऊ लागले. आणि नव्वदीची वर्षं संपत आली तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी ठरवलं, की शास्त्रज्ञ तेवढे आपले, बाकीचं काम कंत्राटानं बाहेर द्यायचं. तळ्यांचं पाणी भरून आणणं, बांधावर सापळे लावणं, प्राणिघर सांभाळणं — सगळं. "पिंजरे तुमचेच आहेत, आता माणसंही तुम्हीच द्या," असं म्हणाले. मी हो म्हटलं. मला त्यातलं काय कळत होतं? जाळी विकणारा माणूस मी.

तळ्यावर आणि शेतावर जायला माणसं मिळाली. प्राणिघरात मात्र माणूस टिकेना. वास हे एक कारण. पण खरं कारण वेगळं होतं. एखादा प्रयोग संपला की त्यातले ससे सुई देऊन झोपवत, कारण औषधाचा परिणाम आत कुठं झालाय ते बघायचं असे. मी त्याला नावं ठेवत नाही. ज्या डॉक्टर मॅडम ते करायच्या, त्या हळुवार हातानं करायच्या आणि त्या दिवशी डबा उघडायच्या नाहीत. पण ज्यानं महिनोन्‌महिने त्या जिवांना खाऊ घातलं, त्याला एका सकाळी रिकामा पिंजरा दिसला की तो दुसऱ्या दिवशी येत नसे. एक गेला. दुसरी बाई आली, तीही गेली. मॅडम मला म्हणाल्या, "असं रोज नवं माणूस आलं तर जनावरं बिथरतात. कंत्राट पुढं चालू ठेवायचं की नाही, वरचे विचारताहेत."

त्याच सुमाराला गंगक्का आली.

जुन्या हुबळीत राहायची. नवरा वारलेला, मुलगी-जावई लांब, एक नात तिच्याजवळ शाळेला. तोवर ती ब्याडगी मिरच्यांचे देठ खुडायला जायची. हाताची इतकी आग व्हायची, की नातीची वेणी घालायची झाली तरी आधी हात ताकात बुडवून बसावं लागे. ती मला म्हणाली — आमचं बोलणं सगळं कन्नडातच — "अण्णा, आग होणार नाही असं कुठलंही काम द्या."

मी तिला प्राणिघरात नेलं. नव्या माणसाला आत नेऊन मी लगेच त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो — नाक मुरडतो का ते. तिनं पदर नाकाला लावला नाही. पहिल्या पिंजऱ्यापुढं बसली आणि एका सशाला विचारलं, "ऊट आत?" जेवलास का, म्हणून.

त्या दिवसापासून प्राणिघराची काळजी संपली. सकाळच्या बसनं येताना ती बाजारातून मेथीच्या काड्या, गाजराचा पाला असं बांधून आणायची. डॉक्टर मॅडमना विचारून, त्यांनी चालेल म्हटलं तेवढंच घालायची. उन्हाळ्यात पोती भिजवून खिडक्यांना लावायची. दर पिंजऱ्यापाशी काहीतरी बोलायची. मॅडम म्हणायच्या, ही बाई आल्यापासून ससे हात लावला तरी दचकत नाहीत.

आणि मग तिच्या वेळचा पहिला प्रयोग संपला.

आदल्या दिवशी तिला सुट्टी दिली होती, ती मीच. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्याआधी जाऊन दारात उभा राहिलो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो — शपथ घेऊन सांगतो, ठरवून गेलो होतो. ती बसमधून उतरली, पाल्याची जुडी छातीशी धरून आत गेली, आणि बाहेर आली.

"अण्णा, ससे कुठं?"

ती घाबरली नव्हती. शेजारणीला मुलं कुठं गेली विचारावं, तसं तिनं विचारलं. आणि माझ्या तोंडून आलं, "शेतावर पाठवले."

"कुठल्या शेतावर?"

"हलियाळकडे. संस्थेचं शेत आहे. काम झालं की तिकडं सोडतात त्यांना."

हलियाळच का? मला माहीत नाही. तिकडं रान आहे, हिरवं आहे, एवढंच डोक्यात आलं असेल. तिचा चेहरा असा उजळला, की पुढं काही बोलायची माझी छातीच झाली नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "इथं पाय मोकळे होत नाहीत त्यांचे." मग हातातली जुडी माझ्यापुढं धरली. "तिकडं कुणी जाणार असेल तर एवढं पोचवाल?"

मी ती जुडी घेतली. घरी जाताना वाटेत एका गाईला घातली.

तुम्ही म्हणाल, एवढंच? दयेपोटी एक खोटं बोललास? मलाही तसंच वाटायचं. पण त्या वेळी माझ्या मनात दया किती होती आणि कंत्राट किती होतं, ते मला आजही वेगळं करता येत नाही. आणि खोटं एकदाच बोलून भागलं असतं तर मी आज हे सांगत बसलो नसतो. पुढच्या वेळी काय करायचं? तिला दर वेळी सुट्टी कशी द्यायची? मी सुट्टी दिलीच नाही. मला त्याहून सोपा मार्ग सापडला.

प्रयोग संपायचा दिवस आला की मी तिला सांगायचो, "गंगक्का, आज यांना हलियाळला न्यायचंय." मग ती एकेकाला बाहेर काढून अंग पुसायची, टोपलीत जुना टॉवेल अंथरायची, त्यात त्यांना ठेवायची, आणि मागच्या खोलीच्या दारापर्यंत स्वतः न्यायची. तिच्या हातात ससे शांत असायचे. दारात टोपली मी घ्यायचो आणि आत मॅडमकडे द्यायचो.

एकदा मॅडमनी मला हळूच विचारलं, "तिला माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "माहीत आहे. पण तिला त्यावर बोललेलं आवडत नाही. तिच्यापुढं विषय काढू नका."

बघा — खोटं दोन्हीकडून शिवून टाकलं मी. मॅडम तिला धीराची बाई समजत राहिल्या. ती मॅडमना सशांना शेतावर पाठवणारी देवमाणूस समजत राहिली. दोघी एकमेकींशी आदरानं वागायच्या, आणि मधे मी. काही वर्षं हे असंच चाललं. मी शेताच्या बातम्याही द्यायला लागलो. अमकीला पिल्लं झाली. तमका धष्टपुष्ट झाला. ती ऐकायची आणि घरी जाऊन नातीला सांगायची.

आता चिन्नूचं सांगतो. इतका वेळ मी याच्याच भोवती फिरतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

चिन्नू म्हणजे एका कानाला चीर गेलेला पांढरा ससा. कन्नडात चिन्न म्हणजे सोनं. तिनं इतरांना नावं दिली नव्हती, यालाच दिलं. तो तिच्या पावलांचा आवाज ओळखायचा आणि जाळीला नाक लावून उभा राहायचा. प्रयोगात काही ससे नुसते तुलनेसाठी ठेवतात, त्यांना औषध देत नाहीत. चिन्नू त्यांतला होता. प्रयोग संपत आला तेव्हा मॅडमनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "याला काहीच दिलेलं नाही. या वेळी तुलनेच्या सगळ्यांची तपासणी करायची गरज नाही. एखादा चांगल्या घरी देता येईल, मी परवानगी घेतलीय. नाहीतर त्यालाही झोपवावं लागेल. गंगक्काचा फार जीव आहे त्याच्यावर. विचारा तिला, नेते का घरी."

मी मान हलवली आणि बाहेर आलो. ती पिंजऱ्यांखालचे ट्रे धूत होती. मी तिच्या जवळून गेलो. तिनं वर बघितलं, हसली. आणि मी पुढं निघून गेलो.

कारण सोपं होतं. तिला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती — घरी कशाला, शेतावर सुखात राहील की तो. मग मला सांगावं लागलं असतं. किंवा ती मॅडमचे आभार मानायला गेली असती, दोघींचं बोलणं झालं असतं, आणि पाचव्या वाक्याला सगळं उघडं पडलं असतं. मला तिच्या दुःखाची भीती नव्हती. ती माझ्याकडे कशी बघेल, त्याची भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, "विचारलं. घर लहान आहे म्हणते, गल्लीत कुत्री फार आहेत."

"दुसरं कुणी?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मनात आणलं असतं तर मी स्वतः नेला असता की नाही? कमरीपेठेत आमच्या दुकानामागं अंगण आहे. पण तो माझ्याकडे आहे हे तिला कळलं असतं तर? म्हणून तेही नाही.

त्या दिवशी तिनं चिन्नूला सगळ्यांत शेवटी टोपलीत ठेवलं. चिरलेल्या कानापाशी तोंड नेऊन म्हणाली, "होगि बा." जाऊन ये. टोपली माझ्या हातात देताना तिनं त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि मला म्हणाली, "याला थंडी सोसत नाही अण्णा, तिकडच्या माणसाला सांगा." मी म्हटलं, "सांगतो."

टोपली आत दिली ती मी. माझ्याच हातांनी.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं. पण उन्हाळ्याची सुट्टी आली, आणि गंगक्का नातीला घेऊन बसनं हलियाळला गेली. मला सांगितलंही नाही, अण्णाला कशाला त्रास म्हणून. दिवसभर दोघी उन्हात हिंडल्या. मोलद तोट कुठं, सशांचं शेत कुठं, म्हणून दिसेल त्याला विचारत होत्या. लोक हसले. कुणीतरी त्यांना गावाबाहेर कोंबड्यांच्या शेडकडे पाठवलं. पिशवीत गाजरं होती, ती शेवटी नातीनं खाल्ली.

सोमवारी ती कामावर आली तेव्हा पाय सुजले होते. आणि ती माझी माफी मागत होती. "पत्ता नीट विचारायला हवा होता मी. पोरीला उगीच हिंडवलं."

ती वेळ होती. तिच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं, मला घाई नव्हती, आणि तिनं स्वतःच दार उघडून दिलं होतं. मी काय म्हणालो? "ते शेत बंद झालं, गंगक्का. मला परवाच कळलं."

"मग ससे?"

"लोकांनी नेले. कुणी कुणी आपापल्या घरी नेले."

तिनं बादली भरून घेतली. मग म्हणाली, "मला आधी सांगितलं असतं ना अण्णा, तर चिन्नूला मी नेलं असतं. माझ्या घरी जागा आहे."

तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगितलं, आणि बादली उचलून कामाला गेली.

पुढं संस्थेनं ते सगळं काम बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीकडे दिलं आणि मी जाळीच्या दुकानात परत आलो. गंगक्काला मी ओळखीच्या एका बालवाडीत लावून दिलं. त्यालाही मी बरीच वर्षं भरपाई म्हणत होतो. आता म्हणत नाही. ती अजून जुन्या हुबळीतच आहे. गुडघे धरलेत, पण नजर चांगली आहे. मी सणासुदीला जातो. ती मुरमुऱ्यांचं गिरमिट करते, नातीला म्हणते, या अण्णामुळं माझे हात मिरच्यांतून सुटले. शेजारणींनाही तेच सांगते. मी खाली बघून खातो. मागच्या वेळी तिनं सहज विचारलं, चिन्नूला कुणी नेलं असेल हो, घर चांगलं असेल ना? मी म्हणालो, चांगलंच असेल.

सांगायला मला कुणी अडवलेलं नाही. कंत्राट नाही, मॅडम बदली होऊन गेल्या. तरी सांगितलेलं नाही, आणि सांगेन असंही इथं लिहीत नाही.

मला कन्नड लिहिता येतं. दुकानाची पाटी माझ्याच हातची आहे. गंगक्का सावकाश का होईना, कन्नड वाचते, आणि नात तर आता कॉलेजात आहे. मराठी त्या घरात कुणालाच येत नाही. म्हणून हे मी मराठीत लिहिलं.