लेंडीखताचा वास

कुंड्यांसाठी आणलेली लेंडीखताची गोणी मी परवा कुरकुंभच्या फ्लॅटमध्ये उघडली आणि त्या वासासरशी खुटबावच्या एका ओसरीवर जाऊन बसले. उन्हाळ्यात आमची मेंढरं रात्री त्या घराच्या रिकाम्या रानात बसायची. रानाला खत मिळायचं, आम्हाला धान्य. एका रविवारी मी त्यांच्या ओसरीवरून टीव्ही बघत होते, तर मालकीणबाईंनी नाकाला पदर लावून सगळ्यांदेखत मला उठवलं. "ऊठ गं, मेंढरांचा वास मारतोय तुझ्या अंगाला!" मी रडत येऊन वडिलांना सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात रानाचे मालक स्वतः मोटारसायकलवर आले. "आजपासून बसवा मेंढरं आमच्या रानात." वडील तंबाखू मळत म्हणाले, "न्हाई जमायचं, आप्पा. एका पोरीचा वास तुमच्या घराला सोसंना, आन् ही तर लई मेंढरं हायती." त्या संध्याकाळी आम्ही मेंढरं बांधापलीकडच्या रानात नेली आणि त्यांच्याभोवतीची जाळी मी माझ्या हातानं ओढून बांधली. पावसाळ्यात पलीकडची बाजरी आत शिरलेला माणूस दिसू नये एवढी वाढली. आप्पांची गुडघ्याला लागली आणि पिवळी पडली. मी रोज मुद्दाम त्याच बांधावरून शाळेत जायचे, आणि मालकीणबाई दिसल्या की फ्रॉकचं टोक नाकाला लावायचे. परवा शेजारच्या बाईंनी "कसला हो हा घाण वास?" म्हणत धाडकन खिडकी लावली. मी तिथल्या तिथं फोन करून आणखी दोन गोण्या मागवल्या.