सुरय उडाले नाहीत

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा मी माणूस. आयुष्यभर शाळेत सायन्स शिकवलं, नवस कधी बोललो नाही. त्यामुळे हे लिहितानाही हात अडखळतोय...

आम्ही बुऱ्हाणपूरचे, इतवारा मोहल्ल्यातले. नवा मध्य प्रदेश एकत्र झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमाराची गोष्ट. थोरला भाऊ सरकारी कचेरीत. त्यानं भोपाळऐवजी नागपूर धरलं आणि आईलाही नेतो म्हणाला. आई तयार नव्हती. घरात रोज कुरबूर. तरी वैशाख सरताना आम्ही दोघं भाऊ तापीतल्या बेटावर गेलो — लहानपणापासून दर उन्हाळ्यात सुरय पक्षी बघायला जायचो, तसेच. पाणी गुडघाभर होतं.

सुरय उघड्या वाळूतच अंडी घालतात, आणि जवळ जाणाऱ्याच्या डोक्यावर तुटून पडतात. म्हणून आम्ही लांब, पाण्याच्या कडेला थांबलो. शेजारी लांब लाल पायांचे शेकाट्या पक्षी चरत होते. तिथंच भांडण पेटलं.

"आईला मी नेणार. तू कोण रे अडवणारा?"

"भाऊ, तिले विचार ना एकदा!"

"चूप! आजपासून तू आमच्यातला नाहीस. मेलास तू माझ्यासाठी!"

मी संतापून तरातरा निघालो. कुठं चाललोय, भान नव्हतं. खाली बघतो तर पायाशी अंडी! मी घरट्यांच्या मधोमध उभा... आणि एकही पक्षी उडाला नव्हता. एक सुरय तर माझ्या पावलावरून चालत गेला आणि अंड्यांवर बसला. जणू मी तिथं नव्हतोच.

"वसंता, मागं फिर!" भाऊ धावत आला. त्यासरशी सगळा थवा उठला — फक्त त्याच्यावर. मी हातभर अंतरावर होतो. त्याच्या कपाळातून रक्त आलं, मला पंखाचा वारासुद्धा लागला नाही. मी हात हलवले, ओरडलो. व्यर्थ.

भाऊ माझ्याकडे बघत मागे सरकला. "तू... दूर राहा माझ्यापासून," म्हणाला आणि पाण्यात शिरला. आठवड्याभरात नागपूरला गेला, आईला न घेता. पुढं तिच्या दहाव्याला तेवढा आला. माझ्या शेजारी बसला नाही.

बेटावरच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी मी एकटा तिथं गेलो होतो. घरट्यांत उभं राहून टाळ्या वाजवल्या. एकही उडाला नाही.

जाणकारांना विचारलं. म्हणतात, "तुम्हाला ऊन लागलं असेल, भास झाला असेल." ऊन तर दोघांनाही होतं ना? खुलासा आजही नाही. बायको म्हणायची, एकदा जाऊन खात्री करून या... गेलो नाही. तिसऱ्यांदाही ते उडाले नाहीत तर?