‘झालं’चं बटण

माणसं हौसेनं काहीबाही ठरवतात आणि आठवडाभरात विसरतात, हे घाईताईला कुणी सांगायला नको होतं. तिचं पोटच त्यावर चालायचं. कामाच्या रगाड्यात अडकलेल्या मोठ्या माणसांनी रोज थोडं चालावं, दोन पानं वाचावीत, आईला फोन करावा, असं जे काही मनाशी धरलं असेल ते त्यांच्याकडून करवून घेणारं अ‍ॅप ती बनवत होती. स्क्रीन तिच्या, रंग तिचे, शब्दही तिचेच. आणि लोक कसले? पहिल्या दिवशी ढीगभर संकल्प टाकायचे आणि पुढच्या आठवड्यात तिकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

घाईताई हे नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी ती उलट्यासुलट्या चपला घालून शाळेत पळायची, म्हणून. वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि कापायचं टेबल. आई गेल्यावर घरात ही दोघंच. एका सकाळी कॉलर कापता कापता वडिलांच्या हातातून कात्री पडली आणि पाठोपाठ ते स्वतः पडले. उजवं अंग गेलं. पाय हळूहळू परत आला, जीभ तर पूर्वीपेक्षा जास्तच चालायला लागली, पण हात अडून बसला.

दवाखान्यातल्या फिजिओबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, “हे सुरुवातीचे महिनेच काय ते कामाचे. हात आत्ता हलला तर हलला, नाहीतर असाच आखडून बसेल. आणि आधी दुसऱ्या कुणीतरी एकेक बोट धरून मोकळं करायचं. मगच व्यायाम.”

“कात्री धरता येईल ना?” वडिलांनी विचारलं. दुसरं काही त्यांना विचारायचंच नव्हतं.

“रोज केलंत तर येईल.”

रोज करायचं म्हटल्यावर घाईताईला काय सुचणार? तिनं वडिलांच्या फोनमध्ये आपलं अ‍ॅप घातलं. मोठी अक्षरं, आणि खाली ‘झालं’ एवढंच लिहिलेलं एक बटण. ते दाबलं की तो दिवस हिरवा. कामाच्या माणसाला लिहीत बसायला वेळ नसतो, एका बोटात काम व्हायला हवं, म्हणून त्या बटणासाठी ती ऑफिसात भांडली होती. दुसरीही एक युक्ती तिचीच. वेळ झाली की फोन वाजणार, आणि तरी बटण दाबलं नाही तर घरच्या माणसाला निरोप जाणार: ‘आज राहिलं. जरा विचारता का?’ माणूस स्वतःला फसवेल, घरच्यांना नाही फसवणार, असं तिनं मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. शिंप्याच्या घरात वाढलेल्या मुलीला एवढं तरी कळायला हवं होतं. “उद्या देतो” हे वाक्य वडील गिऱ्हाइकाला नाराज करायचं नाही म्हणूनच तर जन्मभर म्हणत आले होते.

पहिले काही दिवस ती सकाळी स्वतः त्यांची बोटं मोकळी करून द्यायची. मग ऑफिसात साहेबांनी जाहीर केलं की लोक परत यायला लागले नाहीत तर हे काम बंद, आणि कामाबरोबर माणसंही. ती रविवारीसुद्धा उजाडायच्या आत बाहेर पडायला आणि वडील झोपल्यावर परतायला लागली.

“डाव्या हातानं बोटं उघडाल ना बाबा?” एक पाय चपलेत घालूनच तिनं विचारलं.

“न उघडायला काय झालं? जा तू.”

लगेच दोन दिवसांनी भर मीटिंगमध्ये निरोप आला: आज राहिलं. ती टॅक्सी करून धापा टाकत घरी आली. वडील सुखरूप बसलेले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, आणि साहेब इतके तापले होते की त्यांचा शब्द न् शब्द वडिलांनी टेबलापाशी बसून ऐकला. त्यानंतर निरोप कधीच आला नाही. रोज हिरवं.

ऑफिसात मात्र सगळी होळी. संकल्प सोडून जाणाऱ्यांचा आकडा चढत होता. तिनं रंग बदलले, शब्द गोड केले, मग कडक केले, मग पुन्हा गोड केले. कशाचाही उपयोग नाही. दुसरीकडे कुठे नोकरी मिळेल असं तिचं वय नव्हतं, आणि घरात कमावता हात आता तिचा एकटीचाच. धीर सुटला की ती अ‍ॅपमधलं वडिलांचं पान उघडून बघायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिची काडी हिरवी होती.

शेवटी काहीच हाती लागेना तेव्हा तिनं तेच पान मीटिंगमध्ये भिंतीवर दाखवलं. “हे माझे वडील. सुरुवातीचा एक दिवस सोडला तर रोज हिरवं.”

साहेब कित्येक दिवसांनी हसले. “झकास! हातात कात्री धरलेला त्यांचा व्हिडिओ आण. हाच माणूस आपल्याला तारणार.”

रविवारी तिनं टेबलावर कापड पसरलं, खडूनं रेघ मारली आणि कात्री काढून ठेवली. वडील आज भलतेच नखरे करत होते. आधी म्हणाले उजेड नाही. मग म्हणाले मिशी कातरायची राहिली. मग कात्रीला धार नाही.

“बाबा, कापायचं नाहीये. नुसती धरा.”

“नंतर बघू गं.”

“नंतर कधी? उद्या द्यायचाय व्हिडिओ. नोकरीचा प्रश्न आहे माझ्या!”

उजवा हात त्यांनी मांडीवरच्या टॉवेलखाली ठेवला होता. तिनं टॉवेल ओढला. मूठ घट्ट मिटलेली. तिनं अंगठा धरून हलकेच उचलला तर वडील कळवळून ओरडले. नखं तळव्यात रुतून तिथे लाल वण पडले होते.

घाईताईनं अंगठा सोडला. “तुम्ही करतच नव्हता?”

“एकट्यानं उघडत नाहीत गं बोटं. डाव्या हाताला तेवढा जोर कुठाय?”

“मग बटण का दाबत होता?”

“नाही दाबलं की तू कामधाम टाकून पळत येतेस,” वडील खाली बघत म्हणाले. “आणि तो तुला वाट्टेल ते बोलतो.”

“मला सांगायचं होतंत!”

“कधी सांगणार?”

ती लहान मुलीसारखी हमसाहमशी रडली. वडील डाव्या हातानं तिची पाठ थोपटत राहिले.

सोमवारी ऑफिसऐवजी ती त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. फिजिओबाईंनी मनगट फिरवून पाहिलं, बोटं दाबून पाहिली. “रोज होत होतं ना हे?”

“होत होतं की,” वडील झटकन म्हणाले. “माझी मुलगी न चुकता करून द्यायची.”

“नाही,” घाईताई म्हणाली. “होत नव्हतं.”

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “आजपासून तरी सुरू करा. मूठ थोडी सैल होईल, अंघोळ घालता येईल, दुखणं कमी होईल. कात्रीचं मात्र आता मी काही बोलत नाही.”

वडिलांनी मान डोलावली, एखादं गिऱ्हाईक कापड परत घेऊन गेल्यावर डोलवायचे तशी. परतीच्या वाटेवर ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची जीभ गप्प बसलेली घाईताईनं दुखण्यानंतर पहिल्यांदाच पाहिली.

घरी आल्यावर तिनं त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि समोर स्टूल ओढलं. तिच्या पिशवीत फोन थरथरत होता. साहेब व्हिडिओ मागत असणार. तिनं पिशवी लांब सरकवली, वडिलांची मूठ दोन्ही हातांत घेतली आणि करंगळीपासून सुरुवात केली. बोट तसूभर हललं. वडिलांच्या कपाळावर घाम आला, पण ते हूं की चूं करेनात.

“दुखलं तर ओरडा बाबा. ओरडा तुम्ही.”

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. व्यायामाची वेळ झाली होती. वडील एकदम कासावीस झाले, आणि डावा हात लांब करून फोनकडे झेपावले.

“सोड जरा,” ते म्हणाले. “आधी एवढं दाबू दे. नाहीतर तुला निरोप जाईल, बाळा.”