मोडत्या पावलांचा मोर्चा

सैन्यात मी सतरा वर्षं बिगुल वाजवला. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. त्याला बंदूक हवी असते. म्हणून आधीच सांगून टाकतो. हवालदार प्रकाश जाधव, इन्फन्ट्री बटालियनचा बँड, बिगुल आणि कॉर्नेट. एरवी बँडवाले परेडला वाजवतात, ऑफिसर्स मेसमध्ये वाजवतात. लढाई सुरू झाली की वाद्यं पेटीत जातात आणि त्याच माणसांच्या हातात स्ट्रेचर येतं. वर जाऊन जखमी खाली आणायचे, हे आमचं काम.

या कामाची एक गंमत आहे. बँडवाल्याचं सगळं आयुष्य पावलाला पाऊल जुळवण्यात जातं. पण स्ट्रेचर उचललं की पहिली ऑर्डर असते, पाऊल मोडा. चौघं एका पावलात चालले तर स्ट्रेचर झुलतं आणि जखमीला हिसके बसतात. चौघांची पावलं वेगवेगळी पडली तर ते स्थिर राहतं. हे शिकताना आम्ही एकमेकांच्या पायांत पाय घालून इतक्यांदा पडलो, की शिकवणारा उस्ताद डोक्याला हात लावून बसायचा.

दोन हजार एकमध्ये पेन्शन घेतली आणि भाईंदर पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. एका शाळेत पीटी शिकवायचं काम मिळालं. इथे आम्ही माजी सैनिक चौदा जण होतो. बहुतेक जण कुठे ना कुठे सिक्युरिटीत. आमचे म्होरके सुभेदार साळुंखे साहेब, एकाहत्तरची लढाई पाहिलेले. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि एक मे, या तिन्ही दिवशी शाळेच्या मैदानावर सकाळी सात वाजता झेंडावंदन व्हायचं. ऑर्डर साहेबांची, बिगुल माझा. वर्षातले हे तीन दिवस मी पुन्हा सैनिक असायचो. बाकीचे दिवस भाजी आणायचो.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये टीव्हीवर इराकवर बॉम्ब पडताना दिसू लागले. त्याच्या आधीच्या वर्षी आपलंच सैन्य महिनोन् महिने सीमेवर उभं होतं. खालच्या मजल्यावरच्या परांजपे बाई, निवृत्त शिक्षिका, रविवारी सकाळी दारात आल्या. हातात वही.

"जाधव, आम्ही शांतता मोर्चा काढतोय. मार्केटपासून खाडीच्या जेट्टीपर्यंत. तुम्ही यायचं."

"बाई, मी सैनिक आहे."

"म्हणूनच आले ना. आमच्यातल्या एकानेही लढाई पाहिलेली नाही. उगाच ऐकीव बोलतो आम्ही."

विचार करून सांगतो म्हणालो आणि दार लावलं. आत सुनंदा, माझी बायको, तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"बुद्धाच्या फोटोखाली मेडलं ठेवता, आणि शांततेच्या मोर्चाला लाजता?"

सतरा वर्षांत कुठल्या सुभेदार मेजरने मला इतकं नेमकं झापलं नव्हतं.

संध्याकाळी साळुंखे साहेबांना विचारायला गेलो. ते एका बँकेच्या दारात ड्युटीवर होते. उभ्यानेच ऐकलं.

"युद्ध नको म्हणजे काय? मग आपण काय केलं तिकडे? आपली पोरं गेली ती कशासाठी?"

"साहेब, मोर्चा जवानांच्या विरुद्ध नाही."

"लोकांना तसाच दिसणार. तू जा. अडवणारा मी कोण? पण मग एक मेला येऊ नकोस. आम्ही बिगुल टेपवर वाजवू."

टेपवर! बिगुल वाजवणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी नसते. घरी परत येताना मला खरंच वाईट वाटलं. त्या मैदानाशिवाय मला ओळखणारं इथे कोण होतं?

मग धोंडगे आठवला. लान्स नायक विठ्ठल धोंडगे, नांदेडकडचा, बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. मेसमध्ये ताटावर, ट्रकमध्ये पत्र्यावर, रांगेत माझ्या पाठीवर, सगळीकडे त्याची बोटं चालू. डोंगरातल्या एका लढाईत आम्ही दोघं एकच स्ट्रेचर उचलायचो. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी वायरलेस सेटवर आवाज आला, "स्ट्रेचर दोन, वर या. एक जखमी. ओव्हर." वर गेलो. जखमी समोरच्या बाजूचा होता. त्यांचा शिपाई, पोटात गोळी, शुद्धीवर. डॉक्टर साहेबांची ऑर्डर होती, जिवंत असेल तो खाली. उचलला. अर्ध्या उतारावर धोंडगे धापा टाकत म्हणाला, "जाधव, ह्यो बी आपल्यायेवढाच जड हाय की रं." आम्ही चौघंही हसलो. तशा जागी हसू कसं आलं ते मला आजही सांगता येत नाही. तो शिपाई जगला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही पुढच्या फेरीला वर निघालो, तेव्हा जवळ तोफेचा शेल पडला. धोंडगे जागीच गेला. त्याला खाली आणलं ते त्याच स्ट्रेचरवर.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी बाईंची बेल वाजवली. त्या झोपेतून उठून आल्या.

"येतो," मी म्हणालो. "पण वेळेवर निघायचं."

"अगदी," बाई म्हणाल्या. सिव्हिलियन लोक 'अगदी' हा शब्द कसा वापरतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मोर्चाला बँड पाहिजे होता. बाईंच्या ओळखीने जवळच्याच किनाऱ्यावरच्या पाली गावचा ब्रास बँड मिळाला. आठ जण, सगळे मच्छीमार. मास्टर आग्नेल, वय साठच्या घरात, छाती पिंपासारखी, ट्रंपेट खणखणीत. पण हा बँड लग्नाचा. मी त्यांना स्लो मार्च शिकवायला गेलो. समुद्राजवळच्या मैदानात, एका बाजूला सुकत घातलेली मासळी, दुसऱ्या बाजूला बघायला जमलेलं गाव. मी ऑर्डर दिली, स्लो मार्च. चौथ्या पावलाला ढोलवाल्याने ठेका धरला आणि दोन बायका नाचायला लागल्या.

"थांबा! आग्नेलमामा, हळू."

"येवढा हळू आमाला जमाचा न्हाय हो," आग्नेल म्हणाला. "येवढा हळू चाललाव तं नवरा पलून जाल."

"इथे नवरा नाहीये मामा."

"मंग बँड कोनाला पायजे?"

तीन रविवार प्रॅक्टिस केली. तिसऱ्या रविवारी त्यांचं वाजवणं हळू झालं, पण पावलं काही जुळेनात. बाईंच्या माणसांची तर तऱ्हाच वेगळी. मीरा रोडचे शिंपी रफीकभाई यांनी पांढऱ्या कापडाचं मोठं बॅनर शिवलं होतं, त्यावर निळ्या धाग्याने 'युद्ध नको'. त्याला चार काठ्या, चार माणसं. मी लेफ्ट म्हणालो की दोघं उजवा पाय टाकायचे, एक जण माझ्याकडे बघायचा आणि रफीकभाई थांबून विचारायचे, "हवालदार साब, मेरा लेफ्ट या आपका लेफ्ट?" मी पोट धरून हसलो. निवृत्त झाल्यापासून इतका कधी हसलो नव्हतो, हे घरी आल्यावर सुनंदानेच मला सांगितलं.

मोर्चाचा दिवस एप्रिलमधला रविवार. प्लॅन माझा होता. साडेपाचला फॉल इन. पावणेसहाला मार्केटमधून कूच. साडेसहाला जेट्टीवर. तिथे लढायांत गेलेल्या माणसांची नावं वाचायची, ज्याला जे नाव घ्यायचं ते. आणि सहा त्रेपन्नला, सूर्यास्ताला, मी बिगुलवर रिट्रीट वाजवायची. रिट्रीट म्हणजे माघार नव्हे. रोज सूर्य मावळताना छावणीत ती वाजते. जुन्या काळी तिचा अर्थ होता, आजची लढाई थांबवा, जखमी उचला. ती ऐकू आली की सैनिक असेल तिथे सावधान उभा राहतो. हातात चहा असला तरी.

साडेपाचला मी आणि सुनंदा होतो. पावणेसहाला बाई आल्या. पालीचा टेम्पो सहा दहाला आला, कारण वाटेत आग्नेलने एका बारशाला दोन गाणी वाजवली होती. सहा वीसला आम्ही निघालो. शंभर-सव्वाशे माणसं. मी मेडलं घरीच ठेवली होती. साहेबांच्या शब्दाला तेवढा मान दिला होता. बिगुल पिशवीत होता.

सहा चाळीसला चौकात पुढून रस्ता बंद झाला. पंचवीस-तीस तरुण आडवे उभे होते. हातात झेंडे. घोषणा चालू, "जवानांचा अपमान बंद करा!" त्यांच्या मधोमध, पांढरा शर्ट, ताठ मान, छातीवर दोन रांगा मेडलं, साळुंखे साहेब. पोरांनी त्यांना बोलावून आणलं होतं.

मी हात वर करून मोर्चा थांबवला.

पोलीस सब-इन्स्पेक्टर मोटरसायकलवरून उतरून आमच्याकडे आला.

"कोण आहे इनचार्ज?"

परांजपे बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. शिक्षिकाच त्या.

"काका, पाच मिनिटं देतोय. मोर्चा पलटवा. इथे राडा झाला तर मला झेपणार नाही."

"परवानगी सातपर्यंत आहे, साहेब."

"अहो, समजून घ्या ना."

तो काही वाईट माणूस नव्हता. घामाने भिजला होता. मागे गर्दी दाटत होती. पुढून एक जण ओरडला, "सरहद्दीवर जाऊन बघा जरा!" रफीकभाई बॅनरची काठी घट्ट धरून उभे. आग्नेलने ट्रंपेट छातीशी लपवला होता, बाळासारखा. बाई हळूच म्हणाल्या, "जाधव, परत फिरू या का? कोणाला लागायला नको."

मी घड्याळ बघितलं. सहा बावन्न.

खरं सांगतो, त्या क्षणी मी काही धाडसाचा विचार केला नाही. सतरा वर्षांची सवय, एवढीच डोक्यात होती. रिट्रीट सूर्यास्ताला होते. तुम्ही जेट्टीवर पोहोचलात की नाही, चौकात अडकलात की काय, याच्याशी सूर्याला देणंघेणं नसतं. मी पिशवीतून बिगुल काढला. दोन पावलं पुढे गेलो. टाचा जुळवल्या. ओठ सुकले होते, ते ओले केले.

सहा त्रेपन्नला वाजवली.

पहिल्या सुरालाच साळुंखे साहेबांच्या टाचा जुळल्या. हात मांड्यांना, हनुवटी वर, नजर समोर. त्यांनी ठरवून केलं नसणार. शरीरच ते करतं. मी वाजवत राहिलो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत गेलं. कोपऱ्यावरच्या बँकेचा वॉचमन उभा राहिला. सोसायटीच्या गेटवरचा गार्ड स्टुलावरून उठला. एक रिक्षावाला रिक्षा मध्येच थांबवून खाली उतरला आणि सावधान झाला, तो आमच्या चौदांतलाही नव्हता. साहेबांच्या आजूबाजूची पोरं त्यांच्याकडे बघायला लागली. एकाने झेंडा सरळ धरला. दुसऱ्याने तोंड बंद केलं. सब-इन्स्पेक्टरने टोपी नीट केली आणि तोही उभा राहिला. मागे हॉर्न बंद झाले. रविवार संध्याकाळच्या भाईंदरच्या चौकात फक्त बिगुल ऐकू येत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला विलक्षण आनंद होत होता.

शेवटचा सूर संपला. साहेब माझ्याजवळ आले.

"मधला सूर लांबवलास."

"ओठ सुकले होते, साहेब."

"कोणासाठी वाजवली?"

"लान्स नायक धोंडगेसाठी, साहेब. आणि त्या दिवशी त्याने खाली आणला त्याच्यासाठी."

त्यांनी एकदा बिगुलाकडे पाहिलं. मग वळून पोरांना म्हणाले, "रस्ता द्या." परेडवर देतात त्याच आवाजात. पोरं बाजूला झाली.

"साहेब, येताय?"

"मोर्चा तुमचा आहे. मी येणार नाही."

आले नाहीत. पण फुटपाथवरून, आमच्या बरोबरीने, जेट्टीपर्यंत चालले. लेफ्ट, राइट, लेफ्ट. सगळ्या मोर्चात एकट्या त्यांचंच पाऊल बरोबर पडत होतं, आणि ते मोर्चात नव्हते. आमच्या माणसांकडे मी बघितलं. चार काठ्यांना चौघं, चौघांची पावलं चार तऱ्हेची. बॅनर जराही हलत नव्हतं. तीन रविवार मी ज्यांच्यावर ओरडलो होतो, ते पहिल्यापासून बरोबर चालत होते.

जेट्टीवर नावं घेतली. रफीकभाईंनी दूरच्या लढाईत गेलेल्या एका मावसभावाचं नाव घेतलं. बाईंनी एका विद्यार्थ्याचं. मी धोंडगेचं. मग मागून आवाज आला, "सिपाही दौलत मोरे. वय वीस." एकाहत्तरच्या लढाईला बत्तीस वर्षं झाली होती, आणि हे नाव साहेबांच्या तोंडून आमच्यापैकी कोणीच ऐकलं नव्हतं. सुनंदाने पुढे होऊन त्यांना पाणी दिलं.

परतीला आग्नेलने विचारलं, "आता जरा जोरान वाजवू का?" कोणी नाही म्हणालं नाही. लग्नाचा ठेका सुरू झाला. परांजपे बाई नाचल्या. घोषणा देणाऱ्या पोरांतले चौघं-पाच जण नाचले. साहेब जाता जाता माझ्याजवळ थांबले.

"एक मे. सकाळी सात. टेप बिघडलाय."

"येस सर."

एक मेला मी मधला सूर लांबवला नाही. पुढे दरवर्षी एप्रिलमध्ये तो मोर्चा निघत राहिला आणि दरवर्षी उशिरा निघाला. जेट्टीवर माझी पाळी आली की मी पूर्ण नाव वाचतो, जसं हजेरीपटावर होतं तसं. लान्स नायक विठ्ठल धोंडगे. साइड ड्रम. स्ट्रेचर नंबर दोन, पुढचा उजवा दांडा.

पुढचा डावा माझा होता.