मामांनी मोजलेल्या पायऱ्या

कुणी बडी असामी कोर्टातून बाहेर पडली की आम्ही बातमीदार गुळाला मुंगळे चिकटावेत तसे तिला चिकटतो. कॅमेरावाले तिच्यासमोर उलटे चालतात. डोळा कॅमेऱ्याला, पाठ रस्त्याला. म्हणून प्रत्येकाचा कमरेचा पट्टा मागून कुणीतरी धरतो आणि "पायरी", "खांब" सांगत राहतो. आमच्यातल्या एकाचा पट्टा त्याचा सासराच धरायचा. त्यांना आम्ही सगळेच मामा म्हणायचो. लेकीचाच हट्ट होता. "बाबा मागे असले की मला घोर नसतो," म्हणायची.

मामा सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पायऱ्या चढायचे, उतरायचे, ओठ हलवत. मी चेष्टा करायचो, "मामा, पायऱ्या विकत घ्यायच्यात का?" ते हसायचे. परवा मात्र माझं मनगट धरून म्हणाले, "कुणाला बोलू नका. डोळ्यांपुढे साय आल्यासारखं झालंय. पायऱ्या मोजून ठेवतो."

घरी सांगून टाका म्हटलं.

"मग जावईबापूंचा पट्टा कुणी परका धरेल. त्याला काय पडलंय?"

मीही मूग गिळून गप्प बसलो. चुकलंच माझं.

आज मंत्री पुढच्या दारानं येणार होते. अकरा पायऱ्या, मोजलेल्या. ऐन वेळी मागचं दार उघडलं. सगळे तिकडे धावले, जावई मामांना ओढतच निघाला. तिथं मामांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मंत्री आले, गर्दी रेटू लागली. मामांच्या चपला जमीन चाचपत होत्या, चेहरा पांढराफटक. जावयाला कायम अहोजाहो करणारे मामा एकदम किंचाळले, "थांब रे! पायरी!" आणि दोन्ही हातांनी त्यांनी पट्टा खेचला.

जावई जागीच थिजला. मंत्री बाजूनं निघून गेले, चित्रण हुकलं. तो तणतणत वळला. मागे सपाट अंगण होतं.

"कुठंय पायरी?"

"मला दिसत नाही, जावईबापू."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले."

जावयाचा राग कुठल्या कुठे पळाला. सहा महिन्यांतले जिने, गच्च्या, पूल त्याला आठवत असावेत. कॅमेरा माझ्या हातात देऊन तो तिथंच फरशीवर बसला. त्याच्याबरोबर मामाही खाली वाकले, कारण त्यांची मूठ अजून पट्ट्यावरच होती.

"सोडा मामा, मी खाली बसलोय," तो म्हणाला.

मामांनी सोडलं नाही.