बाज कुठं टाकायची

"अण्णा, कुठल्या महिन्यातलं तिकीट काढू? आज सांगाच." बबिता मलेशियाहून फोनवर बोलत होती. "यंदाही टाळलंत, तर मी समजेन तुम्हाला माझं घर बघायचंच नाही."

भुजंग गवंडी गांगरला. स्लॅब कधी टाकायचा हे चाकुरात त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. उन्हाळ्यात स्लॅब पक्का व्हायला पाणी दुप्पट मारावं लागतं, पावसाळ्यात माल वाहून जातो, दिवाळीनंतरचे दिवस बरे. त्या मुलखाचं मात्र काही कळेना.

"तिकडं पाऊस कधी उघडतोय?"

"उघडत नाही, अण्णा. बारा महिने येतो."

"आन् उन्हाळा?"

"तोही बारा महिने. संध्याकाळपर्यंत ठरवा."

त्यानं शेजारच्या शेषेराव मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणाले, "जूनमध्ये जा, पाऊस कमी." जरा थांबून म्हणाले, "उकडतं मात्र लई. फेब्रुवारी बघ."

"रातीला कोरडं कधी असतंय?"

"रात्रीचं काय घेऊन बसलास? रात्री माणूस घरात झोपतो!"

भुजंग जास्तच गोंधळून परतला. भूकंपात त्याचं माळवदाचं, जड मातीच्या छताचं घर बसलं, आई आतच राहिली. तेव्हापासून तो पक्क्या छताखाली निजला नव्हता. गावोगाव लोकांना स्लॅब टाकून दिले, स्वतःच्या घरावरही टाकला, अन् बाज अंगणात. पाऊस आला तर पत्र्याच्या शेडात. बबिता लातूरला क्लास करायची तेव्हा तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत डबा ठेवून हा बसस्टँडवर जाऊन पडायचा. आता तिचं घर अठराव्या मजल्यावर.

संध्याकाळी फोन वाजला. भुजंगनं आधी विचारलं, "गॅलरी हाय का?"

"आहे की."

"भिंतीच्या भाईर लटकती?"

"हो. का?"

"मग न्हाई जमत. खाली आधार न्हाई तिला."

कावेरीबाईनं नवऱ्याच्या हातातून फोन ओढला. "बबे, ह्यांचं हवापाण्याचं न्हाई. बाज कुठं टाकायची ते बघायलेत. लातूरला बसस्टँडवर कशाला निजायचे, वाटलं तुला?"

"पहाटेची गाडी धरायला, म्हणायचे," बबिता म्हणाली. "मला वाटायचं, अण्णांना माझी खोली आवडत नाही."

भुजंगनं फोन परत घेतला. हातातल्या हातात फिरवला. मग म्हणाला, "लई पाऊस कंच्या महिन्यात?"

"नोव्हेंबरात. पण तेव्हा कशाला? बाहेर पाय टाकता येत नाही."

"तेच काढ. कोरडं असलं की मी खाली रस्त्याकडंला पथारी टाकीन. पाऊस असला तर वर यावंच लागंल."

"अण्णा, नक्की ना?"

"नक्की कशाचं? मला काय बी कळंना झालंय. तू काढ." फोन ठेवता ठेवता त्याला आठवलं. "आन् तुझ्या छताला पाणी किती दिवस मारलंतं, ते इचारून ठेव."

"अठरा मजल्यांचं? कुणाला विचारू?"

"गवंड्याला," भुजंग म्हणाला.