पांढरा आठवडा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही नवराबायको वर्ध्याच्या एका हॉटेलात फुकटचा डिनर सेट आणायला गेलो आणि पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकत घेऊन आलो. डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा आमचा. आठवडे दोन रंगांचे होते. टायवाल्या पोराने विचारलं, "लाल घेता की पांढरा?"

सेलूत आमचं बियाण्यांचं दुकान. कपाशीच्या मुलखात लाल म्हणजे लाल्या, पानं लाल करून झाड वाळवणारा रोग. पांढरा म्हणजे फुटलेलं बोंड. बायको माझ्याआधी बोलली, "पांढराच द्या बाप्पा!"

"उत्तम चॉइस, मॅडम," म्हणत त्याने इंग्रजी करार पुढे सरकवला. मी झोकात सही ठोकली.

पहिलं बुकिंग करायला गेलो तेव्हा कळलं, लाल म्हणजे मे महिना आणि पांढरा म्हणजे ऐन पावसाळा. पेरणीच्या त्या दिवसांत आमच्या दुकानापुढे रांग असते. वर्षाची भाकरी तेव्हाच निघते. कंपनी म्हणाली, बदल नाही, परतावा नाही. लग्नापासूनचा प्रत्येक उन्हाळा टिनाखाली काढलेल्या बायकोची थंड हवा गेली.

मग जिल्हा ग्राहक मंच. तिथे वकील लावावाच लागत नाही, हे ऐकून गावच्या नाटकात राजा झालेला मी मोहरलो.

"रंग यांनी स्वतः निवडला," कंपनीचे वकील म्हणाले.

मी उठलो आणि लाल्या सांगितला. हात पसरून कपाशीचं झाड झालो, बोटं आखडत वाळलो. वकील हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "लाल-पांढऱ्याचा अर्थ यांना मराठीत सांगितला होता का?"

वकील कागद चाळू लागले.

बाहेर व्हरांड्यात कंपनीच्या माणसाने मला गाठलं. "भाऊ, लाल आठवडा देतो. मे महिना. केस मागे घ्या."

मी विरघळलोच होतो.

"काऊन?" बायको मध्ये आली. "पुढच्या साली हिरवा काढसान! आमाले आमचे पैसे पायजे."

रंगांचा अर्थ न सांगता सही घेणं ही मंचाने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. करार रद्द झाला, पैसे व्याजासकट आले. त्यातून मे महिन्यात चिखलदऱ्याला गेलो. तिथे बायको भरदुपारी स्वेटर घालून बसली होती.

"गरम नाई होऊन राह्यलं का?" मी विचारलं.

"होऊन राह्यलं," ती म्हणाली, "पण काढत नाई."